जुळ्या बाळांसाठी बाबागाडी कशी निवडावी?

जुळी बाळे घरी आली की बारशाच्या आधीच विचारणा सुरू होते, "दोघांची गाडी घेतली का?" मोबाईलवर फोटो पाहिले जातात, मामा किंवा आत्या भेट द्यायला तयार असतात आणि किंमत सहज दहा हजारांच्या पुढे जाते. पिशोरसारख्या गावात मात्र ही गाडी दाराच्या चौकटीतून, गल्लीतल्या चढ-उतारावरून आणि एसटीच्या पायऱ्यांवरून न्यायची असते. शिवाय जुळी बाळे बऱ्याचदा वेळेआधी जन्मलेली आणि कमी वजनाची असतात. म्हणून रंग आणि कंपनी बघण्याआधी दोन गोष्टी बघा : बाळांचे शरीर गाडीसाठी तयार आहे का, आणि गाडी तुमच्या घरादाराला चालणारी आहे का.

थोडक्यात महत्त्वाचे

- मान धरेपर्यंत बाळाला फक्त सपाट झोपता येईल अशीच गाडी वापरावी.
- वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय "सुधारित वय" धरून मोजावे.
- खरेदीआधी दाराची चौकट आतून मोजावी.
- बाबागाडी म्हणजे पाळणा नव्हे आणि मोटारीतली सीटही नव्हे.
- पहिल्या दोन-तीन महिन्यांत गाडी नसली तरी बाळांचे काहीही अडत नाही.

गाडी घ्यायची घाई का नको?

जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मतात. अशा बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मानेचे स्नायू कमजोर असतात. श्वासाची नळी मऊ आणि अरुंद असते. बाळ अर्धवट बसल्यासारखे ठेवले की डोके पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाचा मार्ग दबतो. मोठे बाळ मान हलवून किंवा रडून स्वतःची सुटका करून घेते. लहान बाळ तसे करू शकत नाही. ते रडत नाही, त्यामुळे शांत झोपले आहे असेच वाटते.

घरच्यांनी ध्यानात ठेवायची खूण सोपी आहे. बाळाची हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये तुमची दोन बोटे आडवी मावली पाहिजेत. मावत नसतील तर बाळाला लगेच उचलून सपाट ठेवा.

या काळात कमी वजनाच्या बाळाला सर्वाधिक उपयोगी पडते ती छातीशी धरण्याची पद्धत, म्हणजेच "कांगारू मातृ सेवा". बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून आईच्या उघड्या छातीवर उभे धरायचे आणि वरून कापड गुंडाळायचे. मान एका बाजूला वळलेली आणि तोंड-नाक मोकळे ठेवायचे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात ही पद्धत सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये वेळेआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी ती दिवसाला ८ ते २४ तास, शक्य तितकी जास्त, द्यावी अशी शिफारस केली. जुळ्यांसाठी तर ती फार सोयीची आहे. एक बाळ आईच्या छातीशी आणि दुसरे बाबांच्या किंवा आजीच्या. यासाठी खर्च काहीच नाही.

बाळाचे वय कसे मोजावे?

खोक्यावर "६ महिने आणि पुढे" असे लिहिलेले असते. ते वय पूर्ण दिवसांच्या बाळासाठी असते. तुमची बाळे ३४ व्या आठवड्यात जन्मली असतील तर ती साधारण सहा आठवडे आधी आली. म्हणजे जन्म होऊन चार महिने झाले तरी त्यांचे सुधारित वय अडीच महिनेच धरायचे. मान धरणे, बसणे, रांगणे या सगळ्यासाठी पहिली दोन वर्षे हेच वय मोजावे.

बहुतेक बाळे सुधारित वयाच्या चौथ्या महिन्याच्या आसपास मान धरतात आणि सहा ते आठ महिन्यांत आधाराशिवाय बसू लागतात. त्यानुसार गाडीचा वापर असा ठरवा :

- मान धरेपर्यंत : फक्त पूर्ण सपाट होणारी गाडी, तीही थोडाच वेळ आणि गुळगुळीत जागी.
- मान धरल्यावर, पण बसत नसताना : पाठ बरीच मागे टेकलेली. सरळ बसवू नये.
- आधाराशिवाय बसू लागल्यावर : नेहमीची बसायची गाडी चालेल.

दोन्ही बाळे एकाच दिवशी जन्मली तरी एकाच दिवशी मान धरतील असे नाही. गाडीचा निर्णय मागे असलेल्या बाळाकडे बघून घ्यावा. यात तुलना करण्यासारखे किंवा वाईट वाटण्यासारखे काही नाही.

"सपाट" म्हणजे नक्की किती?

दुकानदार "सीट पूर्ण झोपते" असे सांगतो, पण तपासून घ्या. युरोपातील बाबागाड्यांच्या मानकानुसार, सहा महिन्यांखालील बाळासाठी बैठक आणि पाठ यांच्यातला कोन निदान १५० अंश असावा लागतो. घड्याळात पाच वाजतात तेव्हा दोन काट्यांमध्ये तेवढाच कोन असतो. सीट त्याहून जास्त उघडली तर उत्तम, कमी उघडली तर ती लहान बाळासाठी नाही.

जुळ्यांच्या गाडीत एक जास्तीची अडचण असते. काही गाड्यांत एकच सीट पूर्ण सपाट होते आणि दुसरी अर्धवट. दोन्ही सीट स्वतंत्रपणे, एकाच वेळी आणि पूर्ण झोपतात का, हे स्वतः करून बघा.

गाड्यांचे प्रकार

*शेजारी-शेजारी सीट असलेली.* दोन्ही बाळे बाजूबाजूला बसतात, एकमेकांकडे बघतात. दोघांना सारखी हवा मिळते आणि वळवायला ही गाडी सोपी असते. तिची रुंदी साधारण ७० ते ८० सेंमी, म्हणजे २८ ते ३१ इंच असते. अडीच फुटी दार ७६ सेंमीचे असते. त्यामुळे अनेक घरांत ही गाडी ओसरीवरच राहते.

*मागे-पुढे सीट असलेली.* ही अरुंद असते, दारातून आणि गल्लीतून निघते. पण लांब आणि जड असते. उंबऱ्यावरून किंवा गटाराच्या कडेवरून पुढचा भाग उचलताना सगळे वजन हातावर येते. पुष्कळ गाड्यांत मागच्या बाळाला हवा आणि पाय पसरायला जागा कमी मिळते. कोणते बाळ कुठे बसवायचे, विशेषतः एक जड आणि एक हलके असेल तर, हे माहितीपत्रकात पाहूनच ठरवा. नाहीतर गाडी कलंडू शकते.

*दोन साध्या गाड्या.* घरात नेहमी दोन मोठी माणसे असतील तर हा पर्याय वाईट नाही. दार अडत नाही, एक बाळ आजारी असेल तर दुसऱ्याला वेगळे नेता येते आणि पुढे एक गाडी नात्यात देता येते. एकट्या आईला मात्र दोन गाड्या ढकलता येत नाहीत.

*एक साधी गाडी आणि एक कापडी कॅरियर.* एक बाळ छातीशी आणि एक गाडीत. एकत्र कुटुंबातल्या आईला हे बहुधा सर्वात स्वस्त पडते. कॅरियरमध्येही बाळाचा चेहरा दिसला पाहिजे, नाक मोकळे असले पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकलेली नसावी. बाळाचे डोके तुमच्या ओठांना सहज लागेल इतके वर असावे.

खरेदीआधी घरी करायची मोजमापे

१. मुख्य दार आणि रोज ज्या खोलीत गाडी न्यायची तिचे दार चौकटीच्या आतून मोजा. फळी पूर्ण उघडत नसेल तर जेवढी मोकळी जागा उरते तेवढीच धरा. गाडीची रुंदी त्याहून निदान ५ सेंमी कमी हवी.

२. उंबऱ्याची उंची बघा. पायऱ्या असतील तर गाडी बाळांसकट उचलायची नाही. आधी बाळे घरात, मग गाडी.

३. घरापासून अंगणवाडी किंवा दवाखान्यापर्यंत एकदा चालून या. सिमेंटचा रस्ता किती आणि मुरूम, खडी, चिखल किती? अर्ध्याहून अधिक रस्ता कच्चा असेल तर लहान चाकांची हलकी गाडी तिथे रुतणार.

४. गाडी मिटून ठेवायची जागा ठरवा. ओसरीवर ठेवणार असाल तर ऊन आणि पावसाने कापड व प्लॅस्टिक लवकर खराब होते. सीटमध्ये विंचू, मुंग्या किंवा उंदीर शिरतात. दरवेळी सीट झटकून मगच बाळ ठेवा.

गाडीत काय तपासावे?

*पट्टे.* दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांच्या मधून, असा पाच ठिकाणी बांधणारा पट्टा हवा. पायांच्या मधला पट्टा नसेल तर बाळ खाली सरकते आणि गळा वरच्या पट्ट्यात अडकू शकतो. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये एक-दोन बोटेच जावीत.

*ब्रेक.* प्रत्येक सीटमध्ये पाच-पाच किलोची ज्वारीची किंवा पिठाची पिशवी ठेवा, गाडी उतारावर लावा आणि ब्रेक दाबा. गाडी जागची हलता कामा नये.

*चाके.* कच्च्या रस्त्यासाठी मोठी, साधारण आठ इंच किंवा त्याहून जास्त व्यासाची चाके बरी. हवेच्या चाकांना धक्के कमी बसतात, पण आपल्याकडे बाभळीचा काटा ठरलेला. पंक्चर न होणारी भरीव फोमची चाके त्यामानाने सोयीची. पुढची फिरती चाके खडबडीत जागी लॉक करता आली पाहिजेत.

*बिजागऱ्या.* गाडी उघडताना-मिटताना बोट अडकण्याचा धोका खरा आहे. २००९ साली अमेरिकेत मॅक्लारेन या नामांकित कंपनीने सुमारे दहा लाख बाबागाड्यांसाठी सुधारणा मोहीम जाहीर केली, कारण बिजागरीत अडकून मुलांच्या बोटांची टोके तुटल्याच्या तक्रारी आल्या होत्या. बिजागरीवर झाकण आहे का बघा. गाडी उघडताना आणि मिटताना घरातली मोठी भावंडे हातभर लांब असावीत.

*वजन आणि मिटणे.* प्रत्येक सीटची वजनमर्यादा बघा. पुष्कळ गाड्यांत ती १५ किलोच्या आसपास असते. गाडी मिटल्यावर ती एकट्या माणसाला उचलता आली पाहिजे. कन्नडला किंवा संभाजीनगरला एसटीने जाणार असाल तर हे फार महत्त्वाचे. एक हात बाळाला धरलेला असताना गाडी मिटते का, हे दुकानातच करून बघा.

*जुनी गाडी.* नात्यातली वापरलेली गाडी घ्यायला हरकत नाही. चौकटीला तडा, वाकलेले चाक, सैल ब्रेक किंवा दोरीने बांधलेला पट्टा असेल तर मात्र घेऊ नका. कापड काढून गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा.

ऑनलाइन मागवत असाल तर परत करण्याची मुदत बघा, आणि तेवढ्या दिवसांत ज्वारीच्या पिशव्या ठेवून ही सगळी तपासणी उरका.

उन्हाळ्यात गाडी वापरताना

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांवर जातो. ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा दुपटे टाकले जाते. हेतू चांगला असतो, पण आत हवा खेळत नाही. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजून पाहिले. कोरडे पातळ कापड टाकल्यावरही गाडीच्या आतले तापमान अडीच अंशांहून अधिक वाढले. कापड ओले करून छोटा पंखा लावल्यावर ते उतरले.

घरच्यासाठी सोपा नियम असा : सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावरच बाहेर पडा. गाडीला स्वतःची छत्री असावी आणि बाजू मोकळ्या असाव्यात. पूर्ण झाकणारे कापड कधीही नको. बाळाच्या मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर एक कपडा कमी करा. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला वरचे पाणी न देता अंगावरचे दूध वारंवार पाजावे.

रोजच्या वापरात होणाऱ्या चुका

- *गाडीतच झोपू देणे.* फिरताना डोळा लागला तर हरकत नाही, पण घरी आल्यावर बाळाला सपाट, टणक गादीवर पाठीवर ठेवा. एका वेळी तास-दीड तासापेक्षा जास्त वेळ गाडीत नको. सतत एकाच बाजूला डोके टेकून राहिले की डोके एका बाजूने चपटे होते आणि जुळ्यांमध्ये हे जास्त दिसते. दिवसातून काही वेळा, बाळ जागे असताना आणि तुम्ही समोर असताना, त्याला पोटावर खेळू द्या.
- *एका सीटमध्ये दोघांना ठेवणे.* "लहान आहेत, मावतात" म्हणून असे करू नका. एकाचा हात किंवा डोके दुसऱ्याच्या नाकावर येते. झोळीतही दोघांना एकत्र ठेवू नये.
- *उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी आत ठेवणे.* नाक झाकले जाण्याचा धोका असतो.
- *गळ्यातला काळा दोरा किंवा ताईत.* गाडीत आणि पाळण्यात तो पट्ट्यात अडकून फास बसू शकतो. श्रद्धा असेल तर दोरा देव्हाऱ्यात ठेवा, बाळाच्या गळ्यात नको.
- *हँडलला पिशवी अडकवणे.* बाजाराची पिशवी अडकवली आणि एक बाळ बाहेर काढले की गाडी मागे उलटते. सामान खालच्या टोपलीतच ठेवा.
- *पदर किंवा ओढणी मोकळी सोडणे.* ती चाकात जाते. कमरेला खोचून घ्या.
- *"फक्त एक मिनिट" म्हणून सोडून जाणे.* रस्त्याकडेला, विहिरीजवळ, ट्रॅक्टर किंवा गुरे जातात तिथे गाडी एकटी सोडू नये, ब्रेक लावलेला असला तरी.

प्रवासात काय करावे?

दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी, नवव्या महिन्याची लस आणि वजनाची तपासणी यांसाठी दोन्ही बाळांना घेऊन जावेच लागते. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या महिन्यातच व्हायला हवी. त्यासाठी बहुधा संभाजीनगरला जावे लागते. गाडी नाही किंवा दोघांना न्यायचे कसे, म्हणून या तपासण्या पुढे ढकलू नका. दोन बाळांसोबत दोन मोठी माणसे, एवढीच तयारी पुरते. जन्मानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, तेव्हा पुढच्या तारखा त्यांच्याकडून लिहून घ्या. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाला न्यायला १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका एक वर्षापर्यंत मोफत मिळते.

जीप किंवा कारमध्ये बाबागाडीची सीट काढून तिच्यात बाळ ठेवू नका. धक्का बसला तर ती बाळाला वाचवत नाही. मोटारीसाठीची लहान मुलांची सीट वेगळी असते.

मोटारसायकलवर दोन बाळांना नेणे टाळाच. केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२२ च्या नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी पट्ट्याने बांधणे, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट घालणे आणि वेग ताशी ४० किमीपेक्षा कमी ठेवणे बंधनकारक आहे. मान न धरलेल्या बाळासाठी मोटारसायकल सुरक्षित नाही, मग अंतर कितीही कमी असो.

गाडीऐवजी वॉकर घेतला तर?

अनेक घरांत "गाडी महाग, वॉकर घेऊ" असा विचार होतो. बाळाला आत बसवायचा चाकांचा वॉकर घेऊ नये. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट पायरीवरून पडणे, चुलीजवळ किंवा पाण्याच्या बादलीजवळ पोहोचणे असे अपघात होतात. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. बाळ स्वतः उभे राहू लागल्यावर मोठ्यांच्या नजरेसमोर तो ढकलायला हरकत नाही.

डॉक्टरांना लगेच कधी दाखवावे?

पुढीलपैकी काही दिसले तर बाळाला गाडीतून काढून सपाट ठेवा आणि थेट दवाखान्यात न्या किंवा १०८ ला फोन करा :

- ओठ, जीभ किंवा चेहरा निळसर, पांढराफटक पडणे
- श्वास मध्येच थांबणे, कण्हणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे
- दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा चालणे
- दूध ओढणे बंद होणे, बाळ सुस्त पडणे, उठवूनही नीट न उठणे
- तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, किंवा अंग गार पडणे
- उन्हात फिरून आल्यावर अंग खूप तापणे आणि लघवी कमी होणे
- गाडीतून पडल्यावर उलट्या, झटका, बेशुद्धी, गुंगी किंवा डोक्यावर मऊ सूज

दोघांपैकी एका बाळाचे वजन दोन तपासण्यांमध्ये वाढत नसेल, किंवा सुधारित वयाचे पाच महिने होऊनही मान धरत नसेल, तर घाबरून न जाता पण वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

शेवटी एवढेच

पैसे जुळत असतील, दार आणि रस्ता साथ देत असतील, आणि घरात दिवसभर एकटी आईच असेल, तर दोघांची चांगली गाडी तिच्या पाठीला आणि मनाला मोठा आराम देते. तो खर्च वाया जात नाही. यापैकी काही नसेल तर कर्ज काढून गाडी घेऊ नका. तेच पैसे आईच्या खाण्यापिण्यासाठी, तपासण्यांच्या भाड्यासाठी आणि औषधांसाठी ठेवा. भेट द्यायला उत्सुक असलेल्या मामांना आणि आत्यांना दाराचे माप सांगा आणि बाळे मान धरेपर्यंत थांबायला सांगा. तोवर घरातल्या माणसांची मांडी दोन्ही बाळांना पुरेशी आहे.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. बाळ नवजात शिशू अतिदक्षता विभागात राहिलेले असेल, त्याला श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर गाडी, कॅरियर किंवा लांबचा प्रवास सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.*